कोरी पानं वगळा

रंभाबाईंच्या वाती वळून व्हायच्या आत भरत चित्रकूटाला पोचला, त्याने रामाच्या पादुका डोक्यावर घेतल्या आणि तो अयोध्येला परतलासुद्धा. नंदनवन वस्तीतल्या राममंदिरात असं कधी झालं नव्हतं. यमुताईंच्या कीर्तनाला रंभाबाई कापसाची पिशवी घेऊन पहिल्या रांगेत बसायच्या आणि आरतीची घंटा वाजायला पिशवी रिकामी व्हायची, इतका तो मेळ पक्का. आज कापूस अर्ध्याहून जास्त उरला होता आणि समोर यमुताई चिपळ्या छातीशी धरून आरतीची वाट पाहत उभ्या होत्या.

आरती तयारच नव्हती. पुजारीबुवा मागच्या खोलीत एकादशीच्या खिचडीत दाण्याचं कूट घालत होते, ते तसेच हात झटकत धावत आले. श्रोते एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले.

"काहून जी, भरत एवढ्या लवकर काहून परतला?" मागून कोणीतरी म्हणालं.

"त्याले रामटेकची बस पकडाची असंल."

हसू उठलं आणि लगेच विरलं, कारण यमुताईंनी ते ऐकलं होतं.

सगळ्यांत जास्त गोंधळले होते ते पेटीवर बसलेले गिरिधरराव. यमुताई त्यांची थोरली बहीण. ताई कीर्तनाला उभी राहू लागली तेव्हापासून पेटी त्यांचीच, त्यामुळे तिचं प्रत्येक आख्यान त्यांना पाठ. आज तिने एक ओवी सोडली नव्हती, एक दृष्टान्त गाळला नव्हता, कुठे चाल चुकली नव्हती. म्हणायचं ते सगळं म्हणून झालं होतं. मग उरलेलं कीर्तन गेलं कुठे? आणि एवढ्या आखूड कीर्तनात त्यांची बोटं मात्र अशी ठणकत होती, जशी काही दोन कीर्तनं लागोपाठ वाजवली.

आरती झाली, लोक पाया पडून खिचडीच्या रांगेकडे वळले. यमुताईंनी मंडळाच्या अध्यक्ष कुसुमताईंना खांबाआड बोलावलं.

"कुसुम, पुढची एकादशी मी करते. त्यानंतरचं कीर्तन मधुवंतीला सांग. रामटेकहून यायला ती एका पायावर तयार असते."

"असं काय बोलून राहिल्या तुम्ही ताई? होतं एखाद्या दिवशी."

"एखाद्या दिवशी नाही वं. मागच्या एकादशीलाही असंच झालं. डोक्यातून काहीतरी गळून राहिलं. काय गळलं ते मला समजत नाही, हेच तर दुखणं."

कुसुमताईंनी गिरिधररावांकडे पाहिलं. गिरिधररावांनी पेटीच्या भात्याकडे पाहिलं.

ताईच्या भीतीला कारण होतं. मागच्या एकादशीनंतर डॉक्टरांनी तिला महिन्यांची नावं उलट्या क्रमाने म्हणायला लावली होती. फाल्गुन, माघ, पौष करत ती आश्विनापर्यंत व्यवस्थित आली आणि तिथे अडली. "अधिक महिना धरायचा का?" असं तिने डॉक्टरांनाच विचारलं, तेव्हा ते हसले; पण कागदावर काहीतरी लिहिलंही. ते लिहिलेलं ताईने पाहिलं होतं. देवाने दिलेला गळा अजून खणखणीत, पाय अजून भक्कम, आणि जिथे सगळी कथा साठवलेली तीच कोठी रिकामी व्हायला लागली असेल, तर लोकांपुढे उभं राहून रामाचं नाव घेताना तोंडघशी पडण्यापेक्षा आपणच चिपळ्या खाली ठेवाव्या, असं तिने मनाशी ठरवलं होतं. कीर्तन सोडलं की ताई किती दिवस ताई राहील, हा हिशेब गिरिधररावांना करवत नव्हता.

घरी जाताना ऑटोत ती एकदाच बोलली.

"मी काय सोडलं गा?"

"काहीच नाही."

"मग?"

गिरिधररावांनी ऑटोवाल्याला वळण दाखवलं.

तसं ताईचं कीर्तन काही वाचून चालायचं नाही. पण समोर बाड उघडं लागायचं. बाड म्हणजे तिने ऐन उमेदीत शाईच्या पेनाने उतरवलेल्या आख्यानांच्या वह्या. त्यावर अधूनमधून नजर टाकली की पुढची वाट दिसायची. डोळे अधू झाले तशी ती अक्षरं दिसेनाशी झाली. तेव्हा गिरिधररावांचा मुलगा उन्मेष कामी आला. मिहान औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कंपनीत तो होता, तिचा धंदाच हा की दवाखान्यांची, बँकांची जुनी कागदपत्रं स्कॅन करून कॉम्प्युटरवर शिस्तीने लावून द्यायची, म्हणजे हवा तो कागद चुटकीसरशी सापडतो. त्याने तसलीच एक लहानशी सिस्टीम मंदिरासाठी बसवून दिली. तिच्यात पावत्या होत्या, ठराव होते, आणि आत्याची सगळी बाडंही होती. कमरेएवढ्या उंच स्टँडवर टॅब ठेवला की बाडातलं एकेक पान ताटाएवढं दिसायचं. बोट फिरवलं की पुढचं. ताई खूष. कीर्तनं पहिल्यासारखी रंगू लागली.

मग एक दिवस सिस्टीमने लाल पट्टी दाखवली. जागा संपत आली होती. उन्मेष फोनवर म्हणाला, "बाबा, आत्याची पानं रंगीत आहेत, म्हणून फाईली फुगल्या. मला आता वेळ नाही. तुम्हीच त्या लहान करून घ्या. सोपं आहे."

गिरिधररावांची उभी नोकरी सरकारी रेकॉर्ड रूममध्ये गेलेली. गठ्ठे बारीक करणं हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. उन्मेषने सांगितलं तिथे त्यांनी बोट टेकवलं, तर पडद्यावर चौकोनांची रांग आली आणि प्रत्येकापुढे एकेक सूचना. पानं काळी-पांढरी करा. बारीकसारीक ठिपके पुसा. कोरी पानं वगळा. गिरिधररावांनी भक्तिभावाने सगळ्या चौकोनांत खुणा केल्या. थोड्या वेळाने पाहतात तर हत्तीचं मांजर झालेलं! जी फाईल उघडायला टॅब धापा टाकायचा ती टुणकन उघडत होती. जुन्या फाईली ठेवायच्या का, असं सिस्टीमने विचारलं. गिरिधररावांनी "नको" म्हटलं. ताईला त्यांनी मोठ्या कौतुकाने दाखवलं, तिनेही "वा" म्हटलं.

ही गोष्ट त्यांना आता, घरी पेटी उतरवून ठेवताना आठवली. फाईली लहान केल्या त्या मागच्या एकादशीच्या तोंडावर, आणि तेव्हापासूनच तर हे सुरू झालं!

सकाळी पूजा आटोपून ते ताईकडे गेले. एका मांडीवर बाड, दुसऱ्या मांडीवर टॅब, हातात भिंग. रेकॉर्ड रूममध्ये त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती: गठ्ठा हलका झाला तर त्यातून काहीतरी बाहेर गेलेलं असतं. फाईल एवढी हलकी झाली, तर काय बाहेर गेलं? त्यांनी ओळ न् ओळ ताडली. वेलांटी होती, मात्रा होती, अनुस्वार होता, समासात तिरकं लिहिलेलं "येथे आलाप" होतं. गेलेलं म्हणाल तर कागदाचा पिवळेपणा गेला होता, बुक्क्याचे ठिपके गेले होते आणि वनवासाच्या पानावरचा मोठा तेलाचा डाग गेला होता.

"ताई, या डागापाशी तू काय म्हणायचीस?"

"डागापाशी?" ताई भाजी निवडत होती. "तो डाग पडला तेव्हा आईनं मला जे म्हटलं होतं ते कीर्तनात म्हणण्यासारखं नाही."

"तसं नाही. डाग दिसला की तुला काही आठवायचं का?"

"समई सांभाळून ठेवावी, हे आठवायचं. तू काय शोधून राहिला गा?"

"काही नाही."

"काही नाही शोधायला भिंग लागत नाही."

गिरिधररावांनी भिंग खिशात टाकलं. अक्षरं सगळी जागच्या जागी होती. मग डागाचा दोष? पिवळेपणाचा? पिवळं पान दिसलं की म्हातारीला धीर येतो, पांढरं दिसलं की परक्या घरात आल्यासारखं वाटतं, असं तर नसेल? हा विचार त्यांना संध्याकाळपर्यंत बराच पटला होता. तोवर मंदिराच्या पायरीवर रंभाबाई भेटल्या. रंभाबाईंच्या घरी पूर्वी हातमाग होता. आता मुलगा गाडीच्या शोरूममध्ये होता आणि सुताची सवय बाईंच्या बोटांत तेवढी वातींपुरती उरली होती.

"भाऊ, बाईचा माह्यावर काही रागबिग हाये का जी?"

"तुमच्यावर? काहून?"

"दोन कीर्तनं झाली, बाईनं माह्याकडं पाह्यलंच नाही. आधी पाह्यत होती. माह्या गुडघ्याचं इचारे, सुनेचं इचारे, कीर्तन मधातच ठेवून. आता मान खाली घालून सुरू न् मान खाली घालून खतम. मले वाटलं, माह्या वातींनं तिले तरास होते काय."

"छे छे," गिरिधरराव म्हणाले, आणि तिथल्या तिथे त्यांच्या पिवळ्या पानाच्या सिद्धान्ताचे पाय लटपटले.

घरी येऊन त्यांनी पेटी काढली आणि बाड समोर ठेवून भरतभेट पहिल्यापासून वाजवायला घेतली. तोंडाने पुटपुटत, हाताने वाजवत. भरत आजोळहून परतला. कैकयीला बोलला. इथे पान उलटलं, मागची बाजू कोरी. आणि गिरिधररावांचा उजवा हात त्यांना न विचारता षड्जावर जाऊन थांबला. नुसता सूर. भाता चालू, बोट स्थिर.

ते दचकले. अशी बोटाला विश्रांती मिळते ती कधी? ताई श्रोत्यांशी बोलते तेव्हा. पेटीवाल्याने तेव्हा फक्त सूर धरून ठेवायचा असतो. गेल्या दोन एकादशींना असा सूर त्यांनी एकदाही धरला नव्हता. म्हणून तर बोटं ठणकत होती. त्यांनी पुढचं कोरं पान गाठलं. हात पुन्हा षड्जावर. सकाळी हीच कोरी पानं त्यांनी किती वेळा उलटली होती! पण कोऱ्या पानात ताडून बघायचं काय? उलटायचं आणि पुढे जायचं.

त्यांनी उन्मेषला फोन लावला.

"कोरी पानं वगळा, त्यावर खूण केली होती का बाबा?"

"केली. कोऱ्या पानाला कशाला जागा द्यायची?"

"अहो, रंगीत होतं तोवर कोरं पानही भारी असतं. त्याचा पिवळेपणा, सुरकुत्या, मागून फुटलेली शाई, सगळं मशीन इमानदारीनं साठवतं. पण एकदा काळं-पांढरं केलं की कोऱ्या पानाला काही वजनच नाही. ती काढायची गरजच नव्हती."

"म्हणजे मी जी काढली ती न काढताही..."

"हो. फाईल तेवढीच राहिली असती."

गिरिधररावांनी फोन ठेवला. जे काढल्याने काही हलकं होत नाही ते काढल्याने ताईचं कीर्तन निम्म्यावर आलं, हे गणित त्यांच्या रेकॉर्ड रूममध्ये कधी आलं नव्हतं. उन्मेषने रविवारी येऊन कोरं पान आत कसं घालायचं ते दाखवलं, आणि मग गिरिधररावांनी बाड शेजारी ठेवून, जिथे जिथे कोरं दिसलं तिथे तिथे टॅबमध्येही कोरं पान बसवलं. उन्मेष म्हणाला तसंच झालं, लाल पट्टी काही परत आली नाही.

ताईला त्यांनी हे सगळं इतक्या आनंदाने सांगितलं, की तिने आधी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"म्हणजे तू म्हणतोस, मी ती पानं मुद्दाम कोरी सोडली होती. लोकांशी बोलायला."

"मग! तीच तर तुझी खुबी."

"वेडा आहेस का गा? शाई फुटायची! कागद पातळ, पेन गळकं. एका बाजूला लिहिलं की दुसऱ्या बाजूला उमटायचं. जिथं फार उमटलं तिथं मागं लिहिलं नाही. त्यात कसली खुबी?"

गिरिधररावांचा चेहरा पडला. "पण माझा हात तिथंच थांबतो ना."

"तुझा हात तुझ्या स्वाधीन नाही, त्याला मी काय करू?" ती हसली, पण पुरतं नाही. "गिरिधर, माझी समजूत नको घालू. डोकं गेलं तर गेलं म्हणावं. कोऱ्या कागदावर ढकलू नये. कुसुमनं निरोपाची शालही आणून ठेवली."

आता मात्र गिरिधररावांना काहीच सुधरेना. हातावर विश्वास ठेवावा, की ताईवर? कदाचित ताईचंच खरं असेल. ती खरंच विसरत चालली असेल, आणि कोरं पान उलटण्याच्या निमित्ताने तिला पुढचं आठवायला जरा सवड मिळत असेल, एवढंच. पण मग ती विसरली काय होती? काहीच तर नाही! ते पुन्हा जिथून निघाले होते तिथेच येऊन बसत. शेवटी त्यांनी देवापुढे हात जोडले आणि म्हटलं, रामराया, तुला कळत असेल तर तूच बघ.

एकादशी आली. मंडप भरला होता. शेवटचं कीर्तन म्हणून दिघोरीपासून लोक आले होते. ताईने पुन्हा भरतभेटच धरली होती. जे बिघडलं त्याच्यावरच शेवट करायचा, हा तिचा स्वभाव. कुसुमताई शालीची पिशवी मांडीवर घेऊन बाजूला बसल्या होत्या. या वेळी पुजारीबुवांनी आरतीचं तबक आधीच तयार ठेवलं होतं.

पूर्वरंग झाला, हार-बुक्का झाला, ताई आख्यानाला उभी राहिली. मान खाली. दशरथाचं और्ध्वदेहिक झालं, भरताने राज्य नाकारलं, रथ जुंपले, तिन्ही माता निघाल्या. ताईने बोट फिरवलं.

टॅब पांढराफटक.

ती क्षणभर बघत राहिली. बहुधा टॅब धापा टाकतोय असं तिला वाटलं असावं. मग मान वर करून तिने गिरिधररावांकडे पाहिलं. गिरिधररावांनी षड्ज धरला. दुसरं काही सुचलंच नाही. सूर मंडपभर पसरला आणि ताईची नजर त्याच्यामागून भिरभिरत पहिल्या रांगेवर येऊन टेकली.

"रंभाबाई, आज एकट्या? सून कुठं गेली?"

"माहेरी गेली जी," रंभाबाई वात वळता वळता म्हणाल्या. "काटोलला. रागावून."

मंडपात खसखस पिकली.

"कोणावर रागावली?"

"माह्यावरच. दुसरं कोण हाये घरात?"

"मग आणायला कोण जाणार?"

"पोरगा चालला उद्या. मी बी जाईन म्हणत होती, पण कोणत्या तोंडानं जाऊ? रस्ताभर पोरगा बोलनार नाही माह्याशी."

लोक हसत होते, पण ताई हसली नाही. ती रंभाबाईंकडे बघत राहिली आणि मग तिचा आवाज खाली आला, जसा कित्येक दिवसांत आला नव्हता.

"बाई, त्या तिन्ही मातांत कैकयीही होती हो. रामाला आणायला कैकयीही निघाली. कथेत आपण म्हणून जातो, तिन्ही माता निघाल्या. पण त्या रथात तिच्याशेजारी कोण बसलं असेल? कौसल्या बसेल? सुमित्रा बसेल? पोटचा पोरगा तिच्याकडे वळून बघत नाही. अयोध्या मागं पडली, गंगा आली, गुहाच्या नावा आल्या. कोणी तिला विचारलं असेल का, की बाई, पाणी पितेस? जिनं रामाला घालवलं तीच रामाला परत आणायला निघाली, आणि एवढ्या मोठ्या लवाजम्यात तिच्याशी बोलायला एक माणूस नाही."

रंभाबाईंची बोटं थांबली. अर्धी वळलेली वात त्यांनी पदराच्या टोकाने डोळ्याला लावली.

ही कैकयी बाडात नव्हती, हे गिरिधररावांना पक्कं ठाऊक होतं. आधी कधी ऐकलेलीही नव्हती. ते सूर धरून बसले. ताई आख्यानात आहे की गप्पांत, हे त्यांना कळेना. मधेच तिने कैकयीच्या तोंडी चार शब्द घालून ते गायला सुरुवात केली, तेव्हा चाल ओळखीची निघाली म्हणून निभावलं. मग कैकयीवरून ती कोणाच्या तरी जावेवर गेली, जावेवरून गुहाच्या बायकोवर. मागच्या रांगेतला तो रामटेकच्या बसवाला हुंदका गिळत होता. पुजारीबुवांनी खिचडीवर ताट झाकलं, उघडलं, पुन्हा झाकलं. कुसुमताईंनी शालीची पिशवी उचलून खुणेने विचारलं, आणायची का? गिरिधररावांनी खांदे उडवले. त्यांना तरी कुठे ठाऊक होतं?

बऱ्याच वेळाने ताईने चिपळ्या थांबवल्या. चेहऱ्यावर घाम होता. तिने मंडपाकडे पाहिलं, आरतीच्या तबकाकडे पाहिलं.

"अगंबाई! किती उशीर झाला हा? आणि भरत तर अजून गंगेच्या अलीकडेच." ती पदराने कपाळ टिपू लागली. "आता आरती करू. चित्रकूट पुढच्या एकादशीला."

"जय जय राम!" मंडप दुमदुमला. कुसुमताईंनी पिशवी हळूच चटईखाली सरकवली आणि कोणाला दिसणार नाही असा कपाळाला हात लावला. आपण काय बोलून गेलो हे ताईच्या ध्यानात आलं होतं का? की पुढच्या एकादशीला ती उभी राहणार नव्हती, हेच ती विसरली होती?

आरती सुरू झाली तशी गिरिधररावांनी पेटी मिटली आणि टॅब उचलला. पडदा अजून पांढराच होता. ताई पहिल्या कोऱ्या पानापुढे गेलीच नव्हती. कितवं पान हे बघायला त्यांनी पिशवीतून बाड काढलं, तिन्ही माता निघाल्या ते पान शोधलं आणि उलटलं.

मागची बाजू कोरी नव्हती. काठोकाठ लिहिलेली होती.

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. पान बसवताना, भरत कैकयीला बोलतो तिथलं कोरं पान त्यांच्याकडून पुढे, या भलत्याच जागी पडलं होतं. इथे शाई कधी फुटलीच नव्हती. मग त्यांचा हात षड्जावर कसा गेला? आणि ताई इथेच का थांबली?

"गिरिधर, तबक धर गा," ताईने हाक मारली. गिरिधररावांनी बाड मिटलं आणि ते तबक धरायला गेले.